आव्हान आणि अवहेलना

खेळात एक जिंकतो आणि दुसरा हरतो, ही गोष्ट इतकी उघड आहे की तिच्याविषयी विचार करण्याचे कोणास कारण पडत नाही. परंतु तिच्या पोटी एक प्रश्न दडलेला आहे. जो हरला तो जिंकणाऱ्याचा कोण? वैरी, की ज्याच्यावाचून जिंकणेच संभवले नसते असा सोबती? आखाड्यात वस्ताद उभा असे, मैदानावर पंच उभा असे, गल्लीतल्या खेळास कट्ट्यावर बसलेली वडील मंडळी साक्षी असत. त्यामुळे हा प्रश्न खेळाडूने एकट्याने सोडविण्याची वेळ क्वचितच येई. आता आमच्या पिढीचा बराचसा खेळ मोबाइलच्या आणि संगणकाच्या पडद्यावर, शेकडो कोसांवरच्या अनोळखी माणसांशी चालतो. तेथे वस्ताद नाही, कट्टा नाही आणि प्रतिस्पर्ध्याचा चेहराही नाही. म्हणून तोच जुना प्रश्न अधिक तीव्रतेने उभा राहिला आहे. त्याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

ज्या वडीलधाऱ्यांनी हे खेळ हाताळलेले नाहीत त्यांच्यासाठी प्रथम खुलासा केला पाहिजे. या खेळांत हरलेल्यास डिवचण्याचे अनेक प्रकार रूढ झाले आहेत. डाव संपताच 'ईझी', म्हणजे 'अगदीच सोपे गेले', एवढा एकच शब्द लिहून धाडणे, हा त्यांतला सर्वांत प्रचलित. नेमबाजीच्या खेळांत पाडलेल्या प्रतिपक्ष्याच्या देहावर आपल्या पात्राकडून पुनःपुन्हा उठाबशा काढविणे, हा दुसरा. ही चाल निदान वीस वर्षांची जुनी आहे. तिसरा प्रकार चित्रमुद्रांचा, ज्यांस खेळाडू 'इमोट' म्हणतात. 'क्लॅश रॉयल' नावाच्या खेळात खदखदून हसणारा मुकुटधारी राजा एका बोटासरशी प्रतिस्पर्ध्याच्या पडद्यावर पाठविता येतो, आणि डाव संपेपर्यंत वारंवार पाठविता येतो. याखेरीज माइकवरून होणारी शिवीगाळ आहेच. तिचा एखादा तुकडा बंद दाराआडून ज्यांच्या कानी पडला नाही असे आईबाप आता थोडेच असतील.

हे सारे पोरखेळ आहेत, त्यांत नीतीचा प्रश्न कसला, असे कोणी म्हणेल. परंतु हे खेळ आता पोरखेळ राहिलेले नाहीत. २०१८ साली जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत ते प्रात्यक्षिक म्हणून खेळले गेले, तेव्हा 'हार्थस्टोन' या पत्त्यांच्या खेळात आपल्या देशाच्या तीर्थ मेहता यांनी कांस्यपदक मिळविले. २०२२ च्या डिसेंबरात भारत सरकारने ई-स्पोर्ट्सचा विषय क्रीडा मंत्रालयाकडे सोपविला. २०२३ साली हांगझौ येथील आशियाई स्पर्धांत या खेळांस प्रत्यक्ष पदके दिली गेली. पुढे २०२५ च्या ऑगस्टात संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, तेव्हाही ई-स्पोर्ट्स त्यांपासून वेगळे काढून त्यांस क्रीडेची मान्यता दिली. ज्यास राज्य क्रीडा म्हणते, त्यात क्रीडेची रीतभात असावी अशी अपेक्षा करणे वावगे नाही.

आता विरुद्ध पक्षाचे म्हणणे नीट ऐकून घेतले पाहिजे, कारण त्यात तथ्य आहे. खेळ म्हटला की चिडवाचिडवी आलीच. मेंढीकोटात कोट झालेल्यास आठवडाभर त्याची आठवण करून दिली नाही, तर मेंढीकोट खेळण्यात मौज ती काय? गल्लीतल्या क्रिकेटात शून्यावर बाद झालेल्यास, आज घरी भोपळ्याची भाजी आहे का, असे विचारतात; त्याने कोणाचे आयुष्य नासल्याचे ऐकिवात नाही. 'क्लॅश रॉयल'च्या निर्मात्यांची भूमिकाही आरंभी अशीच होती. २०१६ साली खेळ नवा असताना अनेक खेळाडूंनी प्रतिस्पर्ध्याच्या मुद्रा बंद करण्याची सोय मागितली. तेव्हा, खेळात भावना तीव्रच असावयाच्या, असे म्हणून निर्मात्यांनी ती नाकारली. त्याच वर्षी पुढे त्यांस ती सोय द्यावी लागली, ही गोष्ट निराळी. तथापि भावनाशून्य खेळ हा खेळच नव्हे, हे त्यांचे मूळ म्हणणे आम्हांस मान्य आहे. तेव्हा प्रश्न चिडवावे की न चिडवावे असा नाही. कोणते चिडवणे खेळातले आणि कोणते खेळाबाहेरचे, हा खरा प्रश्न आहे.

याचे उत्तर शोधण्यास आम्हांस फार दूर जावे लागत नाही. आमच्या बेळगावाकडे आणि शेजारच्या कोल्हापुरात कुस्तीचे वेड जुने आहे, आणि कुस्तीत शड्डू आहे. शड्डू म्हणजे डिवचणेच होय. मांडीवर आणि दंडावर थाप मारून पहिलवान समोरच्यास सांगतो की, ये, पाहू तुझी ताकद. परंतु शड्डू केव्हा आणि कोणापुढे ठोकतात हे पाहावे. तो कुस्तीच्या आधी, आपल्या पायांवर उभ्या असलेल्या आणि तितकाच खणखणीत शड्डू परत ठोकू शकणाऱ्या माणसापुढे ठोकतात. त्यात समोरच्याच्या बळाची कबुली असते. दुबळ्यापुढे कोणी शड्डू ठोकला तर मैदान ठोकणाऱ्यासच हसते. मग हात मिळविले जातात, एकमेकांच्या अंगास तांबडी माती लावली जाते आणि झोंबी सुरू होते. एकदा पाठ मातीला लागली की शड्डूचे काम संपले. चितपट झालेल्याच्या छातीवर बसून जो शड्डू ठोकील त्यास डाव येत असतील, पण पहिलवानकी आली असे कोणताही वस्ताद म्हणणार नाही.

आव्हान आणि अवहेलना यांतील भेद आमच्या मते हाच आहे. आव्हान उभ्या असलेल्यास दिले जाते, अवहेलना पडलेल्याची केली जाते. आव्हानास उत्तर देता येते. अवहेलना करणारा उत्तराची वाट न पाहता निघून गेलेला असतो. मेंढीकोटातले चिडवणे गोड लागते ते याच कारणाने. उद्या तीच माणसे, तेच पत्ते, आणि उद्या कोट आपल्यावरही यावयाचा असतो. शिवाय रात्री एकाच पंगतीस बसावयाचे असते. तेथे चिडविणाऱ्याने आपल्या प्रेमाचा मोठा ठेवा आधीच गहाण ठेवलेला असतो, आणि त्या तारणावर तो थोडी थट्टा उचलतो. ज्याचे नावही ठाऊक नाही अशा माणसाची तीच थट्टा करणारा काहीही गहाण न ठेवता उचल करू पाहतो. शब्द तेच असले तरी व्यवहार तोच राहत नाही.

आता 'ईझी' या शब्दाचीच फोड करून पाहू. लिहिणाऱ्यास सांगावयाचे असते की मी थोर आहे. परंतु शब्दाचा अर्थ निघतो तो असा की, समोरचा काहीच नव्हता. समोरचा काहीच नसेल तर त्यास हरविण्यात पराक्रम कोणता? ज्या किल्ल्यास तटबंदीच नव्हती तो सर केल्याचा डंका कोणी वाजवीत नाही. म्हणजे प्रतिस्पर्ध्यास हलके लेखणारा आपल्याच विजयाचे मोल कमी करतो. त्यातही एक गंमत आम्ही अनेकदा पाहिली आहे. डाव जेव्हा खरोखरच सोपा जातो, तेव्हा जिंकणारा काही न लिहिता पुढच्या डावाकडे वळतो. 'ईझी' हा शब्द येतो तो अधिककरून अटीतटीच्या डावानंतर, हरता हरता वाचलेल्याकडून. तेव्हा त्याच्या तळाशी गर्वापेक्षा भयच अधिक असावे. आणि भयास कारणही आहे. या खेळांची यंत्रणा शक्यतो तुल्यबळ खेळाडूंचीच गाठ घालून देते. त्यामुळे कोणी कितीही वर चढला तरी बहुतेकांच्या वाट्यास जवळजवळ निम्मे डाव हरण्याचे येतात. आज ज्यास हसलो त्याच्या जागी उद्याच्या डावात आपणच असणार, हे येथे गणितानेच ठरलेले आहे.

मग अपशब्दांवर बंदी घातली म्हणजे काम भागले, असे कोणास वाटेल. निर्मात्यांनी तेही करून पाहिले आहे, आणि त्यातून जे निष्पन्न झाले ते मोठे बोधप्रद आहे. वर उल्लेखिलेल्या 'हार्थस्टोन'मध्ये प्रतिस्पर्ध्याशी मोकळे बोलताच येत नाही. सहाच ठरीव वाक्ये पाठविता येतात. त्यांत आरंभी नमस्कार, आभार, 'छान खेळलात' आणि 'क्षमा करा' अशी वाक्ये होती. यांतून कोण कोणाचा अपमान करणार? परंतु खेळाडूंनी मार्ग काढला. समोरच्याचा नाश करणारे पान टाकावे आणि लगेच म्हणावे, 'क्षमा करा'. हा प्रकार इतका बोकाळला की २०१५ च्या ऑगस्टात निर्मात्यांनी क्षमायाचनेचे ते वाक्यच काढून टाकले आणि त्याच्या जागी आश्चर्याचा एक उद्गार ठेवला. त्याच वर्षी आलेल्या 'रॉकेट लीग' या मोटारींच्या फुटबॉलमध्ये गोल वाचविणाऱ्याची वाहवा करण्यासाठी एक तयार वाक्य दिलेले आहे. ते पुष्कळदा नेमके गोल झाल्यावर, ज्याच्या हातून तो सुटला त्यास पाठविले जाते. क्षमा हा सौजन्याचा शब्द. त्याचाच अपमानासाठी इतका वापर झाला की तो खेळातून हद्दपार करावा लागला! आमच्या मते या एका गोष्टीत सारा विषय आला आहे. खिलाडूपणा शब्दांत नसतो, तो शब्दांमागील हेतूत असतो. हेतू दूषित असेल तर स्तुतीही शिवी होते, आणि हेतू निर्मळ असेल तर 'हरामखोरा, कसला खेळलास!' ही शिवीही पाठीवरची शाबासकी ठरते. शब्द गाळण्याची चाळणी यंत्रास लावता येते. हेतू गाळण्याची चाळणी ज्याची त्यानेच लावावयाची असते.

दुसरा आक्षेप याहून सूक्ष्म आहे. पडद्यावर एक टोपणनाव आणि एक बाहुले असते. त्यास डिवचले तर अपमान झाला कोणाचा? बाहुल्यास काही लागत नाही. जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञाने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात या मनोवृत्तीची कारणे सांगितली आहेत: आपण अनामिक असतो, अदृश्य असतो, आणि पडद्यावरची व्यक्ती ही जणू आपल्याच मनातले एक पात्र आहे असे वाटू लागते, त्यामुळे एरवी जिभेवर असलेला लगाम सुटतो. ही मीमांसा आम्हांस पटते. परंतु मीमांसा म्हणजे समर्थन नव्हे. बाहुल्यास लागत नाही हे खरे. पण ज्याने डिवचले त्यास तरी बाहुल्यास डिवचावयाचे होते का? पलीकडे कोणीच नाही, केवळ यंत्र खेळत आहे, असे त्यास कळले तर त्याचा सारा रस तत्काळ ओसरेल. यंत्रास 'ईझी' लिहिण्यात कोणास गोडी वाटते? तेव्हा पलीकडे माणूस आहे, त्याचे काळीज आहे आणि ते दुखते, हे पक्के ठाऊक असल्यावाचून डिवचण्यास चवच येत नाही. माणूस आहे म्हणून डिवचावयाचे, आणि जाब विचारला की माणूस नव्हताच म्हणावयाचे, हे दोन्ही एकाच तोंडाने बोलता येणार नाही.

आणि हा लगाम सुटला म्हणजे बोलणे खेळापुरते राहत नाही. नेम चुकला यावरून सुरू झालेली थट्टा दोन वाक्यांत माणसाच्या जातीवर, भाषेवर, बोलण्याच्या हेलावर जाते. आमच्या सीमाभागात मराठी, कन्नड, कोकणी, उर्दू बोलणारी मुले एका वर्गात बसतात, एका गाड्यावर चहा पितात. तीच मुले माइकवर अनोळखी आवाजाचा हेल ऐकून प्रांत ओळखतात आणि त्या प्रांताचा उद्धार करतात. तो आवाज पलीकडच्या गल्लीतला असू शकतो, हे त्यांच्या मनातही येत नाही. मुलींची गोष्ट याहून शोचनीय. पुष्कळ मुली उत्तम खेळत असूनही माइक बंद ठेवतात आणि पुरुषी टोपणनाव घेतात, कारण आवाज ओळखला गेला की खेळाविषयी बोलणे थांबून भलतेच बोलणे सुरू होते. ज्या मैदानावर अर्ध्या खेळाडूंस आपला आवाज लपवून उतरावे लागते, त्यास खुले मैदान कसे म्हणावे?

येथे कोणी म्हणेल की, हे सारे थोड्या वाह्यात मुलांचे काम आहे. त्यांस काढून टाका. 'लीग ऑफ लेजंड्स' या जगभर खेळल्या जाणाऱ्या खेळाच्या निर्मात्यांचाही आरंभी हाच समज होता. मेंदूविज्ञानाचे अभ्यासक जेफ्री लिन यांनी त्यांच्यासाठी अभ्यास केला, तेव्हा आढळले ते निराळेच. सतत वाईट वागणारे खेळाडू शेकडा एकच्या आसपास होते. आणि एकंदर वाईट वर्तनापैकी त्यांच्या वाट्याचे वर्तन शेकडा पाचाच्या आसपास भरत होते. उरलेले बहुतेक सामान्य, एरवी सरळ वागणाऱ्या खेळाडूंचे होते, ज्यांचा तो दिवस वाईट गेला होता. म्हणजे हा प्रश्न वाह्यात मुलांचा नाही, तुमच्या आमच्या घरच्या चांगल्या मुलांचा आहे. याच मंडळींनी एक साधा प्रयोगही केला. प्रतिपक्षाशी बोलण्याची सोय आरंभी बंद ठेवली, आणि ज्यास बोलावयाचे त्याने ती स्वतः चालू करावी असे ठरविले. बोलणाऱ्यांचे प्रमाण पूर्वीइतकेच राहिले. पण वाईट बोलणे तीस टक्क्यांहून अधिक घटले आणि चांगले बोलणे जवळजवळ तेवढेच वाढले. बोलण्यापूर्वी एक कळ दाबावी लागली, एवढाच काय तो फरक. तोंडातून शब्द बाहेर पडण्यापूर्वी क्षणभर थांबावे, हे आमच्या आज्या सांगत आल्या, त्याचाच हा पडताळा होय.

महाभारतात गदायुद्धाच्या अखेरीचा प्रसंग आहे. भीमाच्या प्रहाराने मांड्या मोडून दुर्योधन भूमीवर पडला. कमरेखाली प्रहार करणे हा गदायुद्धाच्या नियमांचा भंग होता. त्यावरून बलराम क्रुद्ध झाला, तर श्रीकृष्णाने त्या प्रहाराचे समर्थन केले. म्हणजे त्या गोष्टीस दोन बाजू होत्या. परंतु पडलेल्या दुर्योधनाच्या मस्तकास भीमाने डाव्या पायाने लाथाडले, तेव्हा धर्मराजाने स्वतःच्या भावास आवरले. युद्ध जिंकून झाले होते, नियमांचा वाद वेगळा होता. तरीही पडलेल्या शत्रूच्या मस्तकास पाय लावणे त्यास सहन झाले नाही. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. भीमाच्या मागे तेरा वर्षांचा वनवास होता, भर सभेत झालेली द्रौपदीची विटंबना होती. आमच्या खेळाडूच्या मागे पंधरा मिनिटांचा एक डाव असतो. भीमास जे क्षम्य ठरले नाही ते यास कसे ठरावे?

खिलाडूपणाचे ओझे एकट्या जिंकणाऱ्यावर टाकणे मात्र न्याय्य होणार नाही. हरणाऱ्याचाही धर्म आहे, आणि तो अधिक कठीण आहे. डाव हातचा जातो असे दिसताच खेळ सोडून पळणे, पराभवाचे खापर आपल्याच संघातल्या नवख्या सोबत्यावर फोडणे, मोबाइलचे जाळे मंद होते अशी सबब सांगणे, हीही अवहेलनेचीच रूपे होत. फरक इतकाच की येथे जिंकणाऱ्याचा विजय नाकारला जातो. दक्षिण कोरियात 'स्टारक्राफ्ट' हा खेळ व्यावसायिक रीतीने खेळला जाऊ लागला तेव्हा एक सुंदर प्रघात पडला. हरत आलेला खेळाडू 'जीजी', म्हणजे 'गुड गेम', 'डाव छान झाला', अशी दोन अक्षरे लिहितो, आणि तीच त्याची शरणागती मानली जाते. पराभव मान्य करण्याचे आणि डावाचे कौतुक करण्याचे काम त्या दोन अक्षरांनी एकदमच होते. पुढे जिंकणाऱ्यांनी त्याच अक्षरांस 'ईझी' हे शेपूट जोडले, आणि 'ओव्हरवॉच' या २०१६ सालच्या खेळाच्या निर्मात्यांनी त्यावर गमतीचा उपाय योजला. कोणी ते शब्द लिहिले की पडद्यावर त्यांऐवजी, आईला सांगू नका अशी विनवणी करणाऱ्या लहान मुलाच्या तोंडी शोभावे असे एखादे वाक्य उमटू लागले. २०१८ साली त्यांनी डावानंतर इतरांची शिफारस करण्याची सोय केली. तीत आपल्या संघातल्या सोबत्याचे कौतुक अनेक गुणांसाठी करता येई. प्रतिपक्षातल्या खेळाडूचे मात्र एकाच गुणासाठी, आणि तो म्हणजे खिलाडूपणा. ही योजना आम्हांस मार्मिक वाटली. आपल्या खिलाडूपणाची खरी परीक्षा हरलेला प्रतिस्पर्धीच घेऊ शकतो. त्याने दिलेले प्रशस्तिपत्र हेच खरे.

तेव्हा करावे काय? मोबाइल हिसकावून घ्यावा, असे आम्ही म्हणणार नाही. आखाड्यात भांडण झाले म्हणून कोणी आखाडा नांगरीत नाही. घरच्या मंडळींस एवढेच सुचवावेसे वाटते की, डाव संपल्यावर मुलास 'जिंकलास का?' एवढेच विचारू नये. 'समोरचा कसा खेळला?' असेही विचारावे. या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी त्यास प्रतिस्पर्ध्याकडे माणूस म्हणून एकदा पाहावे लागेल, त्याची एखादी चांगली चाल आठवावी लागेल. वर्षभर हा प्रश्न विचारला गेला तर 'ईझी' लिहिण्यास उचललेले बोट काही वेळा तरी थबकेल, असा आम्हांस भरवसा वाटतो. आणि जे आमच्यासारखे स्वतः खेळतात त्यांनी आपल्यापुरता नेम करावा: समोरचा उभा आहे तोवर खुशाल शड्डू ठोकावा, त्याची पाठ मातीला लागली की हात पुढे करावा, आणि आपली पाठ लागली की 'जीजी' ही दोन अक्षरे लिहिल्याखेरीज उठू नये. वस्ताद जवळ नसताना जो असे वागतो, त्यासच वस्तादाने घडविले असे म्हणता येते.